जळणाच्या थप्पीला कोरडी बैठक हवी

सुक्याबरोबर ओलंही जळतं, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण माणसांच्या बाबतीत खरी असेल, पण जळणाच्या बाबतीत ती किती खरी आहे हे आषाढात चुलीपुढे बसणाऱ्या बाईला विचारा. ओलं लाकूड आधी सुकं खातं, मग घरभर धूर करतं, डोळ्यांतून पाणी काढतं आणि शेवटी विझतं.

शेतकरी बंधू-भगिनींनो, गॅस आता बहुतेक घरांत आला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून वाड्यावस्त्यांवरही सिलिंडर पोहोचला. तरी आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, भाकरी, लग्नकार्याचा स्वयंपाक आणि गुऱ्हाळ यांना लाकूडफाटा लागतोच. प्रत्येक परड्यात जळणाची थप्पी असतेच. ती रचताना आपण वरून काय झाकायचं याची काळजी करतो. प्लॅस्टिकचा कागद आणतो, जुना पत्रा शोधतो. थप्पीच्या खाली काय आहे, याचा विचार मात्र कोणी करत नाही. मीही केला नव्हता. त्याची किंमत काय होते ते मी एका पावसाळ्यात पाहिलं. तेच आधी सांगतो.

सरण पेटेना

त्या वेळी माझ्याकडे गगनबावड्याच्या बाजूची काही गावं होती. एका गावात ग्रामपंचायतीनं उन्हाळ्यात स्मशानभूमीसाठी दीड टन लाकूड घेतलं. शेडमध्ये जागा कमी, म्हणून लाकूड शेडमागे मोकळ्या मातीवर रचलं. सरपंचांनी मला विचारलं, "साहेब, झाकायचं कशानं?" मी म्हणालो, "चांगला जाड प्लॅस्टिक कागद आणा आणि जमिनीपर्यंत गच्च गुंडाळा. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये." शेती पदविकेत धान्य साठवण शिकलो होतो, तेच ज्ञान लाकडाला लावलं. लोकांनी सांगितल्याप्रमाणे केलं.

जुलैत, तरण्या पावसात, गावातले एक जुने शेतकरी वारले. दोन दिवस झड लागलेली. खांदेकरी चिखल तुडवत पोहोचले. कागद सोडला तर आतून वाफ आल्यासारखा कोंदट वास आला. खालचे तीन थर काळे पडलेले, सालीवर पांढरी बुरशी, बुडाला वाळवीची माती. वरचं लाकूडही हाताला गार लागत होतं. सरण रचलं, रॉकेल ओतलं. रॉकेल जळून गेलं आणि लाकूड तसंच राहिलं. दुसऱ्यांदा तेच झालं. कोणीतरी म्हणालं, "टायर बघा कुठं मिळतोय का." त्यावर मुलगा पहिल्यांदा बोलला. "आबांना टायर घालून जाळायचं न्हाई," म्हणाला, आणि गप्प बसला. मी तिथंच उभा होतो. कागद गुंडाळायला मी सांगितलं होतं, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. कोणी मला काही बोललं नाही.

तेवढ्यात वरच्या आळीतून एक पोरगा निरोप घेऊन आला. तिथं एकट्या राहणाऱ्या आजीनं सांगितलं होतं, "माझ्या परड्यातलं जळण न्या, लागंल तेवढं." दहा-बारा जण गेले, मीही गेलो. आजीची थप्पी उघड्या परड्यात होती. वर चार पत्रे, बाजू मोकळ्या. दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर खणखणीत वाजली. अर्ध्या तासात ती लाकडं खाली नेली आणि सरण पेटलं.

मी मागं थांबून थप्पीच्या बुडाशी वाकून पाहिलं. जांभ्याचे चिरे, चिऱ्यांवर पडक्या घराचे जुने वासे, वाशांवर लाकूड. चिऱ्यांखाली ओढ्यातले बारीक गोटे अंथरलेले. मी विचारलं, "आजी, इतकं उंच कशाला?" आजी म्हणाली, "सायेब, कोंबडी खालनं गेली पायजे. कोंबडी गेली म्हंजे वारं जातंय, आन् वारं गेलं म्हंजे बूड वाळतंय. बूड वाळलं की शेंडा आपसूक वाळतोय."

या गावात मी दोन वर्षं फिरत होतो. त्या परड्यावरून कितीदा गेलो असेन. थप्पी दिसली होती, बैठक दिसली नव्हती.

पाणी वरून कमी, खालून जास्त

आजीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे पाच किलो ओलं लाकूड चुलीत घातलं तर सुमारे अडीच लिटर पाणी आधी उकळून घालवावं लागतं, मग भाताला आच मिळते. नीट वाळलेल्या लाकडात पाण्याचं प्रमाण वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत येतं. त्या ओलीला बुरशी धरत नाही.

हे वाळलेलं लाकूड पुन्हा ओलं होतं ते तीन वाटांनी. पहिली वाट पावसाची, ती सर्वांना दिसते. दुसरी जमिनीची. दिव्याची वात जसं तेल वर ओढते तशी माती खालची ओल वर ओढते. काळी आणि पोयट्याची माती ती फार ओढते. मुरूम कमी ओढतो आणि खडी जवळपास नाहीच. मातीला टेकलेलं लाकूड ती ओल शोषून घेतं. तिसरी वाट कोंडलेल्या वाफेची. जमिनीतून आणि लाकडातून निघालेली वाफ कागदाच्या आतल्या बाजूला लागते, तिचे थेंब होतात आणि रात्री लाकडावरच टपकतात. म्हणजे आमच्या गच्च गुंडाळलेल्या कागदानं पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत कोंडलं होतं.

म्हणून कोरडी बैठक करायची ती दोन कामांसाठी. एक, जमीन आणि लाकूड यांचा संबंध तोडणे. दोन, थप्पीच्या पोटाखालून वारं खेळतं ठेवणे.

जागा कोणती निवडावी?

परड्यातली उंचवट्याची जागा घ्या. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं साचतं हे घरातल्या बायकांना बरोबर माहीत असतं, त्यांना विचारून जागा ठरवा. पुढील ठिकाणं टाळा:

- वळचणीखाली, जिथं पागोळ्या पडतात.
- न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, गोठ्याच्या गटारीजवळ, उकिरड्याशेजारी.
- केळी-अळूच्या बेटाजवळ किंवा दाट झाडाच्या सावलीत.
- घराच्या मातीच्या भिंतीला चिकटून. थप्पीत लागलेली वाळवी भिंतीतून आढ्यापर्यंत जाते. निदान चार-पाच फूट अंतर ठेवा.
- गवताच्या गंजीजवळ, विजेच्या तारांखाली. एका ठिणगीत दोन्ही जातात.

पाऊस आपल्याकडे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून झोडपतो. म्हणून थप्पीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे पावसाच्या तोंडाला फक्त अरुंद बाजू येते. तेवढीच बाजू पत्र्यानं किंवा कुडानं बंद केली की पुरते. लांब बाजू मोकळ्या राहू द्याव्यात.

बैठक कशी करावी?

एका कुटुंबासाठी १० फूट लांब आणि ५ फूट रुंद बैठक पुरेशी होते. दीड फूट लांबीच्या लाकडांच्या दोन ओळी, मध्ये अर्धा फूट वाऱ्याची वाट आणि दोन्ही कडांना नऊ-नऊ इंच मोकळी जागा, असा हा ५ फुटांचा हिशेब आहे.

१. चार खुंट्या ठोकून सुतळी लावा. आतलं गवत मुळासकट काढा. चार इंच वरची माती उचलून परसबागेत टाका. ही माती बैठकीत परत घालू नका. तिच्यातला पालापाचोळा आणि मुळ्या म्हणजे वाळवीला आमंत्रण आहे. जुनं खोड किंवा कुजका खुंट असेल तर तोही उपटा.

२. खालची जमीन धुमसानं ठोकून घट्ट करा. जमीन भुसभुशीत राहिली तर पावसाळ्यात एक बाजू खचते आणि थप्पी कलते.

३. त्यावर मुरूम घाला. एकदम न घालता चार-चार इंचांचे दोन थर द्या. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून, मुरूम नुसता ओलसर असताना ठोका. चिखल होईपर्यंत पाणी नको. आठ इंच ठोकलेल्या थराला सुमारे ३३ घनफूट मुरूम बसतो. सुटा मुरूम ठोकल्यावर दबतो, म्हणून अर्ध्या ब्रासला थोडा कमी एवढा आणावा लागेल.

४. मुरमाला कासवाच्या पाठीसारखा आकार द्या. मध्ये दोन बोटं उंच, दोन्ही लांब कडांकडे उतार. पाणसळ नसेल तर तांब्याभर पाणी मध्यावर ओतून बघा. पाणी थांबलं तर आकार चुकला, दोन्हीकडे पळालं तर बरोबर.

५. वर तीन इंच खडी किंवा ओढ्यातले बारीक गोटे पसरा. साधारण १२ ते १३ घनफूट लागतील. खालची ओल इथं तुटते. खडी मातीमिश्रित नको. असेल तर पाटीत धुऊन घ्या.

६. कडेनं दगड लावा, पण सिमेंटनं सांधू नका. सांध्यातून पाणी निघालं पाहिजे. मोठ्या फटी मात्र खडीनं बुजवा, नाहीतर विंचू-सापाला आयतं बीळ होतं.

७. बैठकीपासून फूटभर अंतरावर, पाणी येण्याच्या बाजूला, वीतभर खोल चर काढा आणि त्याचं तोंड उताराकडे सोडा. हे काम लहान वाटतं म्हणून राहून जातं. चर नसेल तर वरचं सगळं पाणी बैठकीच्या पोटात शिरतं.

काळ्या जमिनीचं थोडं वेगळं आहे. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचे दगड हलतात. तिथं चार इंचांऐवजी फूटभर माती काढा आणि तेवढा मुरूम जास्त घाला. शिरोळकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. एकच माप दोन्हीकडे लावू नका. कमी पावसाच्या भागात घट्ट, उताराच्या जागेवर नुसते चिरे आणि वासे ठेवले तरी भागतं. घाटमाथ्याला मात्र वरचं एकही काम सोडू नका.

चिरे आणि वासे

खडीवर थेट लाकूड रचायचं नाही. लाकडांच्या प्रत्येक ओळीखाली दोन वासे, एकमेकांपासून फूटभर अंतरावर, लांबीच्या दिशेनं टाका. दर अडीच फुटांवर वाशाला एक टेकू द्या. चार वाशांना मिळून वीस टेकू होतात. टेकूला जांभ्याचा चिरा उत्तम, घडीव दगड किंवा भाजकी वीटही चालते. उंची निदान एक वीत, म्हणजे नऊ इंच. माप लक्षात राहत नसेल तर आजीचं लक्षात ठेवा, कोंबडी खालून गेली पाहिजे. गेली की ती खालची वाळवी आणि किडेही टिपते.

वाशासाठी जुनं सागवान, बाभळीचा गाभा, सिमेंटचे जुने खांब किंवा गंजका लोखंडी पाइप, घरात पडून असेल ते वापरा. बांबू टाळा. त्याला भुंगा लवकर लागतो आणि थप्पी एका बाजूला बसते.

या उंचीचा आणखी एक उपयोग आहे. वाळवीला जमिनीतून वर यायचं तर ती उजेडात चालत नाही, मातीची नळी बांधत येते. चिरे उघडे असले की ही नळी दिसते. आठ दिवसांतून एकदा वाकून पाहा आणि दिसली की काठीनं मोडून टाका. लाकूड जमिनीला टेकलेलं असेल तर वाळवी आतूनच चढते आणि थप्पी पोखरून झाल्यावर आपल्याला कळतं.

हे करू नका

- खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरू नका. त्यावर पाणी साचतं आणि बुडाचा थर पाण्यात बसतो.
- पेंढा, पाचट, भुसा खाली घालू नका. ते ओल धरतात आणि वाळवीला खाद्य होतात.
- सपाट कोबा करून त्यावर थेट लाकूड रचू नका. कोबा करायचाच असेल तर उतार द्या आणि वर चिरे-वासे ठेवाच.
- जळणावर किंवा बैठकीवर कीटकनाशक मारू नका. पूर्वी लोक बीएचसी पावडर सर्रास टाकत. तिच्यावर आपल्या देशात १९९७ मध्ये बंदी आली. औषध कोणतंही असो, औषध लागलेलं लाकूड चुलीत गेलं की त्याचा धूर घरातल्यांच्याच छातीत जातो.
- राखेवर फार विसंबू नका. पहिल्या सरीला ती धुऊन जाते.

रचताना आणि काढताना

जाड ओंडके फोडून रचा. साल लाकडाला ओल सोडू देत नाही, फोडलेल्या बाजूनं ती लवकर निघते. थप्पी चार फुटांपेक्षा उंच नको. दोन्ही टोकांना लाकडं आडवी-उभी चौकडीनं लावा, म्हणजे थप्पी सुटत नाही. झाकण फक्त माथ्यावर टाका, पत्रा चहूबाजूंनी फूटभर बाहेर काढा आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून बांधा.

लाकूड वाळलं की नाही हे ओळखायला एका ओंडक्याला खूण करून दर आठ दिवसांनी काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. काटा नसेल तर दोन लाकडं आपटा. वाळलेलं खणखणतं, ओलं ठप्प वाजतं. टोकाला उभ्या भेगा पडल्या असतील तीही चांगली खूण.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप जळणाच्या ढिगाच्या आसऱ्याला येऊ शकतात. जमिनीला टेकलेल्या ढिगात उंदीर बिळं करतात आणि उंदरामागं साप येतो. उंच बैठकीखाली बॅटरी मारून आरपार बघता येतं. तरी अंधारात थप्पीत हात घालू नका, आकडीनं लाकूड ओढा आणि मगच उचला. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्यात न्या.

ग्रामपंचायतींसाठी

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती आहे. स्मशानभूमीच्या शेडचं काम निघतं तेव्हा छपराचा विचार होतो, लाकडाच्या जागेचा होत नाही. एका अंत्यविधीला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागतं. वर सांगितलेल्या १० बाय ५ च्या बैठकीवर चार फूट उंचीपर्यंत अंदाजे दीड टन लाकूड बसतं, म्हणजे चार विधींची सोय होते. छोट्या गावाला पावसाळ्यापुरत्या अशा दोन बैठका पुरतात. सरणाचं लाकूड लांब असतं, तेव्हा दोनाऐवजी एकच ओळ रचा आणि वासे थोडे लांब अंतरावर ठेवा.

आपली बहुतेक स्मशानं नदीकाठी आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं, ती खूण गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. लाकडाची बैठक त्या खुणेच्या वर करा, मग ती स्मशानापासून थोडी लांब पडली तरी चालेल. लाकूड वाहून नेता येतं, वाहून गेलेलं परत आणता येत नाही.

लाकूड घेताना ते कशाचं आहे तेही पाहा. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, सागवान अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतात, त्यांना परवानगी लागते. खरेदी शिमग्याच्या सुमाराला करा, म्हणजे चैत्र-वैशाखाचं ऊन लाकडाला मिळतं. मे अखेरीस ओलं लाकूड घेऊन जूनमध्ये ते वाळलेलं असावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आजीची परतफेड

त्या गावानं पुढच्या वर्षी दोन बैठका बांधल्या. मुरूम गावच्याच माळावरचा, चिरे पडक्या चावडीचे, श्रम तरुण मंडळाचे. खर्च झाला तो पत्र्यांचा. माप मी दिलं, पण आखणीच्या दिवशी सरपंचांनी आजीलाही बोलावलं. आजीनं टेकू बघितले आणि म्हणाली, "ह्यो कोपरा बसंल." तिथली माती उकरली तर खाली जुना कुजका खुंट निघाला. मी ज्या जागेवर खूण केली होती तीच ती.

आजीचं जळणही गावानं फेडलं. घरटी एक भारा गोळा केला आणि तिच्या परड्यात नेऊन रचला. रचताना कोणीतरी घाईत चार लाकडं खाली मातीवर टेकवली. आजीनं ती काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ही पयली जाळते."

बंधू-भगिनींनो, या कामाला अनुदान नाही, अर्ज नाही. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे. रोहिणी निघायच्या आत, जमीन कोरडी आहे तोवर ते उरकून घ्या. धुमस तुमच्याकडे नसेल तर शेजाऱ्याकडे असेल. आजच मागून आणा.